हिवाळी स्वारीची पूर्वतयारी

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर; परंतु हे अंतर भाड्याच्या मोटारीने, स्वतः सारथ्य करून, शनिवार-रविवारात कापावयाचे असा संकल्प एखाद्या सुशिक्षित कुटुंबाने सोडला, की पेशव्यांच्या स्वारीलाही लागली नसतील एवढी खलबते सुरू होतात. मोटार ताब्यात घेण्याचा विधी तर गहाणखताच्या नोंदणीस लाजविणारा: अनामत रक्कम, परवान्याची नक्कल, आणि मग वाहनाच्या सर्वांगावरील ओरखड्यांचा पंचनामा, ज्यात कुटुंबप्रमुख मागील बंपराखाली मान घालून छायाचित्रे काढीत असतात व कारकून, "साहेब, तो आधीचाच आहे," असे तोंडी सांगतो, लिहून मात्र देत नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरविणारे हे वाहन परक्याचे आहे, याची जाणीव पसरणीचा घाट चढताना प्रत्येक वळणावर सर्वांना असते. हेडलाइटचे बटण कोठे आहे, याची मात्र कोणासही नसते.

वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची वार्ता हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते, आणि तिच्या भरवशावर डिकी कानटोप्यांनी भरते. वस्तुतः ते हिमकण ऊन पडताच विरतात, आणि आमची मंडळी त्या समयी हॉटेलात, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळेल, या विषयावर व्यवस्थापकाशी हुज्जत घालीत असतात.

ज्यांना खरोखरच गारवा हवा असेल, त्यांनी नाताळचा आठवडा टाळून जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी निघावे. स्ट्रॉबेरी तेव्हाही असते, आणि प्रवेशकराच्या नाक्यावरील रांग पुष्कळच आखूड असते.