खड्डा इथे, कचेरी तिथे

पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कशेजारी राहणारे कावलेत. घराभोवती ऑफिसंच ऑफिसं, गाडी जागची हलत नाही. २०२५च्या पावसात तर रस्त्यांचे ओढे झाले. बिचारे!

आम्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटकरांना ही धास्ती नाही. आशियातली सर्वांत खोल म्हणून मिरवणारी भूमिगत मँगनीज खाण आमच्या भरवेलीत, पण ती चालवणाऱ्या मॉयल कंपनीचं मुख्यालय नागपुरात. तांबं आमच्याच मलाजखंडचं, पण ते काढणाऱ्या हिंदुस्तान कॉपरची मोठी कचेरी थेट कोलकात्यात. धूळ आणि ट्रक आम्ही सांभाळायचे, एसी आणि चहाचा ट्रे त्यांनी. किती समजूतदार वाटणी! उद्या कुणी आमच्या गल्लीत दहा मजली कार्यालय बांधायला निघालाच, तर हरकती आम्हीही नोंदवू. पहिली हरकत: इतका उशीर का?