मत असण्याचा गुन्हा
लोणीच्या पारावरील पंचास स्वतःचे मत असणे आंबेगाव तालुक्यात अवगुण मानीत नाहीत. दिल्लीचे परिमाण निराळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी वकील सोमशेखर सुंदरेसन यांची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने फेब्रुवारी २०२२ मध्ये केली असता, समाजमाध्यमांवरील त्यांच्या मतांचे दप्तर चाळून सरकारने नोव्हेंबरात आक्षेप धाडला, की शासनाच्या धोरणांवर ते निवडक टीका करतात. (स्तुतीही निवडक असते, तिची कैफियत मात्र कोणी मागत नाही.) १८ जानेवारी २०२३ रोजी न्यायवृंदाने हे अनुमान अमान्य करून शिफारशीचा पुनरुच्चार केला, नियुक्तीचा हुकूम निघाला नोव्हेंबरात. मधल्या दहा महिन्यांत वकिलांची मते सौम्य झाली की सरकारची दृष्टी निवळली, याचा खुलासा त्या हुकमात नाही.