सामायिक पायवाट

ठरलेल्या रविवारी एखाद्या स्टेशनवर जमावे, पुढे एक म्होरक्या आणि मागे कोणी हरवू नये म्हणून एक राखणदार ठेवून दिवसभर शेतांतून व माळांवरून चालावे आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथेच परत पोहोचावे, या इंग्लंडमधील छंदास रॅम्बलिंग म्हणतात. हा छंद दिसायला निरुपद्रवी असला तरी त्याचा पूर्वेतिहास फौजदारी स्वरूपाचा आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशर परगण्यातील किंडर स्काउट या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या माळावर मँचेस्टरकडचे शेकडो कामगार जाणूनबुजून घुसले, रखवालदारांशी त्यांची झटापट झाली आणि पुढे पाच जणांना तुरुंगवास घडला. १९४९ च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद होऊ लागली व २००० च्या कायद्याने मोकळ्या माळरानावर पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. म्हणजे कारणाशिवाय चालण्याची कायदेशीर सोय होण्यास इंग्रजांना जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न ‘येवा, कोकण आपलाच आसा’ या फलकाने सुटल्यासारखा वाटतो. परंतु फलक म्हणजे सातबारा नव्हे. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा कब्जा आणि पिके नोंदवणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, एकेका गुंठ्यापुढे सामायिक कब्जेदारांची नावे अशी ओळीने उतरलेली असतात की त्यांतील निम्मे परळ-लालबागला, काही विरारला आणि उरलेले परलोकी असतात. तेव्हा कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, मेरेवरून जाण्यास रीतसर परवानगी घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या लोकी अर्ज करून मिळवावी, हा पहिला पेच होय. प्रत्यक्षात तो कोणासच पडत नाही, कारण वहिवाट नावाची एक प्राचीन तडजोड आहे: आजोबा जिथून गेले तिथून नातू जातो, आणि भाऊबंदकी पेटली की त्याच वाटेवर एका रात्रीत चिऱ्याचा गडगा उभा राहतो. मग प्रकरण तहसीलदारांकडे जाते. त्यांच्यापुढे १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम असतो आणि वादी-प्रतिवादींपुढे उरलेले आयुष्य.

मसुऱ्याचा भरतगड हा या बाबतीत उद्बोधक आहे. मुंबई-पुण्याची गिरिभ्रमण मंडळी बुरूज, विहीर आणि तटबंदी पाहण्याच्या हेतूने वर जातात आणि आंब्याच्या खाजगी बागेत दाखल होतात. मार्च ते मे या काळात हापूसच्या बागेतून जाताना दोन्ही हात दिसतील असे ठेवावेत आणि पाठीवरील सॅक शक्यतो सपाट असावी, असा संकेत कोठे लिहिलेला नसला तरी राखणदाराच्या नजरेत तो स्पष्ट वाचता येतो. भगवंतगड समोरच दिसतो, पण मध्ये खाडी आडवी येते. अंतर डोळ्यांनी मोजणाऱ्या शहरी पदयात्रीचा वेळापत्रकावरील विश्वास बहुधा तिच्या काठावरच ढळतो.

तथापि कायदा, खाडी आणि हापूस यांहून मोठा अडथळा सामाजिक आहे. ‘खंय चल्लास?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिल्याखेरीज या मुलखात कोणासही कोणाच्या खळ्यापुढून जाता येत नाही. बाजार, बँक, तिठ्यावरची एसटी, पाहुण्यांकडचे बारावे ही उत्तरे ग्राह्य धरली जातात. ‘सहज चालायला’ हे धरले जात नाही. असे सांगणाऱ्यास साखरेचा आजार असावा, घरात भांडण झाले असावे किंवा तो जमिनीचा दलाल असावा, असे तीन तर्क ताबडतोब केले जातात, आणि वीस जणांचा गट तेच सांगू लागला तर तिसरा तर्क निश्चित होतो. संशय फिटल्यावर येणारा ‘च्या पिऊन जावा’ हा आग्रह तर संशयाहून वेळखाऊ असतो, कारण पहिल्या घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाकारला तर दोन घरांतील जुना वाद नव्याने पेटतो. म्हणून सगळीकडे घ्यावा लागतो आणि सकाळी निघालेला गट जेवणाच्या वेळेपर्यंत फार तर पुढच्या वाडीत पोहोचतो.

याच तालुक्यातील आचरे गावाने मात्र सामूहिक चालण्याचे असे कारण शोधले आहे की ज्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही. गावपळण म्हणजे ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, अर्थात देवाची अनुमती, घेऊन काही वर्षांनी एकदा अख्ख्या गावाने घरे बंद करून तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जाणे. या काळात गावात भुताखेतांचा वावर असतो अशी श्रद्धा आहे. गावास अधूनमधून विश्रांती मिळावी, हवा-पाणी शुद्ध व्हावे, असाही अर्थ सुशिक्षित मंडळी लावतात, आणि दोन्ही पक्ष एकाच वाटेने, सारखेच बोचके डोक्यावर घेऊन निघतात. कोणत्याही रॅम्बलिंग क्लबास हेवा वाटावा असा हा जमाव असतो, कारण त्यात गुरे, कुत्री आणि टोपलीतल्या कोंबड्याही सभासद असतात, वर्गणी नसते, आणि चालण्याचा वेग सर्वांत संथ म्हशीच्या मर्जीवर ठरतो. वेशीपलीकडे माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजने रंगतात. गावात ज्यांचे एकमेकांशी बोलणे नसते त्यांच्या झोपड्या जागेअभावी शेजारी-शेजारी येतात, आणि दोघांच्या मध्ये गडगा घालण्याएवढा चिरा तिथे कोणीच नेलेला नसतो.