सही करा, कर्ज जगवा

बारा वर्षांपूर्वीच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी मागणाऱ्याचा आवाज इतका गोड का असतो, याचा विचार व्हायला हवा. 'साहेब, पूर्ण रक्कम कुठे मागतोय? पाचशे रुपये भरा आणि बाकीचे हप्त्यांनी देतो एवढं सही करून पाठवा.' ज्याला दीड लाख हवेत तो पाचशेवर भागवतो, हे औदार्य आपल्याकडे एरवी फक्त जावयाच्या वाट्याला येतं. पण पाचशे ही वरची फोडणी आहे. खरं पक्वान्न ती सही. 1963 च्या मुदत कायद्यानुसार तारण नसलेल्या अशा देण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. ती उलटली की ऋणकोने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने दावा फेटाळायचा असतो. कर्ज बुडत नाही, कोर्टाची वाट तेवढी बंद होते. आता 1872 चा करार कायदा उघडा. त्याच्या कलम 25 मध्ये एक खिडकी आहे: मुदत संपलेलं देणं फेडीन असं लेखी, सहीनिशी कबूल केलं, तर त्या कबुलीवर नवा दावा लागतो. बारा वर्षं निजलेल्या कर्जाला उठवायचं काम असं ऋणकोच करतो, तेही स्वतःच्या पेनने.

ही युक्ती कॉल सेंटरवाल्यांनी शोधलेली नाही. 1859 मध्ये इंग्रज सरकारने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली. व्याजावर व्याज चढू नये, कुळाचं भलं व्हावं, हा हेतू. सावकारांनी तो हेतू मन लावून वाचला आणि दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवा रोखा करायला सुरुवात केली. थकलेलं व्याज मुद्दलात, मुद्दल नव्या कागदावर, कागदाखाली कुळाचा अंगठा. कुळाच्या भल्यासाठी आलेली मुदतच कर्ज फुगवण्याचं यंत्र झाली. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे ओढून काढून जाळले. नेमकं काय जाळायचं, हे त्यांना वकिलाने सांगावं लागलं नाही.

यावर सज्जन म्हणतील, घेतलेलं फेडावं, शेवटी तो ठेवीदारांचाच पैसा. मान्य. ज्याला देणं मनापासून पटतं त्याने जरूर फेडावं, कायदाही आडवा येत नाही. पण फोनवरचा माणूस पुष्कळदा मूळ बँकेचा नसतोच. बुडीत खाती घाऊक भावाने, दर्शनी रकमेपेक्षा कितीतरी कमीत विकली जातात आणि खरेदीदार पै-पैचं व्याज मागतो. ठेवीदाराचं दुःख त्याला फाइलसोबत फुकट मिळालेलं असतं. आणि धर्म काढायचाच तर पुरता काढावा. आपल्याच धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये असं सांगणारा. तेव्हा मूळ करार, खातेउतारा आणि हे खातं मागणाऱ्याकडे कसं आलं त्याचा कागद, हे तिन्ही हातात पडेपर्यंत काहीही लिहून न देणं हा काही बुडवेपणा नव्हे. बारा वर्षं गप्प बसलेल्याला आठवडाभर कागद शोधायला लावणं म्हणजे फार मोठा जुलूमही नव्हे.

बाकी काळ बदलला आहे, हे कबूल करायला हवं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावलं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. सुप्याच्या कुळांना निदान जेवताना तरी सुट्टी हवी, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.