पडद्याच्या पलीकडचे

आमच्या मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा म्हणजे थोडा वेळ युनिफॉर्मचं कापड आणि उरलेला सगळा वेळ कॅन्टीनच्या समोशातलं तेल. यंदा मात्र एक गृहस्थ उठले आणि 'मैदानावर सहकुटुंब सिनेमा बघू या' म्हणाले. टाळ्या पडल्या. ते गृहस्थ त्यानंतर कुठल्याही सभेला दिसले नाहीत. समिती मात्र झाली आणि तिच्यात मी होतो.

सिनेमा ठरवताना ग्रुपवर रणकंदन झालं. 'श्यामची आई'ला 'मुलं रडतील' असा आक्षेप आला. 'मुलांचं सोडा, माझं काय?' असं एका बाबांनी लिहिलं. 'अशी ही बनवाबनवी'ला बहुमत होतं, पण तिचे संवाद पडद्याआधी प्रेक्षकच म्हणून टाकतील ही भीती रास्त होती. अखेर 'एलिझाबेथ एकादशी' ठरला. पंढरपूर, सायकल, बांगड्यांचं दुकान, वर बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. कोण काय बोलणार? त्यातला गण्या तोंडाचा किती मोकळा आहे, हे काही पुरस्काराच्या बातमीत छापून येत नाही.

तेवढ्यात आमच्यातल्या वकीलसाहेबांनी खडा टाकला, ''परवानगीचं काय?'' सगळे गार. मग त्यांनीच सोडवणूक केली, तीही फुकट. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 52. शाळेच्या उपक्रमात सिनेमा दाखवायला मुभा आहे, पण बघणारे कोण, तर शाळेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे आईवडील-पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी. बस्स.

झालं, गोतावळ्याची छाननी सुरू झाली. आजी? पालकच. मामा? भाच्याला क्लासला सोडतो, म्हणजे तोही पालक. फाटकाबाहेरचा वडापाववाला? ''त्याच्याशिवाय आपली मधली सुट्टी चालते का?'' असं मुख्याध्यापिकाबाईंनीच विचारलं आणि तो संबंधितांत गेला.

त्या संध्याकाळी मंडपवाल्याने दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणलं. सतरंज्या पडल्या आणि त्यांच्यावर डबे उघडले. सिनेमा सुरू व्हायच्या आधी अर्ध्या मैदानाचं जेवण झालं होतं. उरलेलं अर्धं मैदान त्यांचं लोणचं मागत होतं. चंद्रभागेचं वाळवंट दिसायला लागलं, तोच एक बाबा मुलाला शोधत प्रोजेक्टरसमोर उभे राहिले. वारकऱ्यांच्या गर्दीत त्यांचं डोकं दोन कानांसकट उगवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हात हलवला, पडद्यावरही हात हलला, मग त्यांना तिथून हलवणं अवघड झालं.

गण्याने पहिला ठेवणीतला शब्द काढला, तेव्हा भाड्याच्या स्पीकरने तो पार रिक्षा स्टँडपर्यंत पोचवला. समस्त पालकवर्गाला एकाच वेळी खोकला आला. पहिल्या रांगेत बाई बंद मोबाइलमध्ये काहीतरी वाचू लागल्या. पोरं मात्र हसली नाहीत. त्यांना तो शब्द नवीन नव्हता, हे तेव्हा पालकांच्या लक्षात आलं.

आणि मैदानामागची सोसायटी! आमची प्रार्थना, घंटा, कवायतीचा ढोल, प्रत्येकावर तिथून लेखी तक्रार येते. तिच्या सगळ्या गॅलऱ्या त्या रात्री भरलेल्या. कापड पातळ, चित्र आरपार. फक्त त्यांना सगळं उलटं दिसत होतं, सबटायटल्ससकट. आम्ही वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान वर करून सोसायटीचे मजले न्याहाळले. ''उलट्या बाजूबद्दल कलम 52 मौन बाळगून आहे,'' ते म्हणाले आणि चकलीकडे वळले.

मध्येच वरून हाक आली, ''अहो, पडदा जरा इकडे फिरवा की!''

लाउडस्पीकर रात्री 10 वाजता बंद करावा लागतो; आम्ही त्याच्या बरेच आधी आवरलं.

सोमवारी सोसायटीचं पत्र आलं, सेक्रेटरींच्या सहीशिक्क्यासह. पुढच्या खेपेला पडदा मैदानाच्या पूर्वेला लावावा आणि सिनेमा कोणता ते आठ दिवस आधी कळवावं, ही विनंती. बाईंनी दोनदा वाचलं आणि शिपाईमामांना फाइल करायला दिलं. त्या सोसायटीच्या नावाची शाळेत एकच फाइल आहे, तक्रारींची. त्यांनी ते तिच्यातच लावलं.