ब्लरभाऊ

नाशिकला गंगापूर रोडवर जेहान सर्कलपासून बारदान फाट्यापर्यंत कुठेही एखादा माणूस उकिडवा बसून, एक डोळा मिटून जास्वंदीच्या कळीकडे बघत असेल तर हॉर्न वाजवू नका. तो आमचा ब्लरभाऊ. खरं नाव त्याच्या आधार कार्डावर आहे. त्या कार्डावरचा फोटो त्याला मान्य नाही, कारण त्यात दोन्ही कान स्पष्ट दिसतात.

आधी तो लग्नाचे साधे फोटो काढायचा. पण २००८ साली ऑगस्टात निकॉनचा डी-९० आणि पाठोपाठ सप्टेंबरात कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. स्टिल कॅमेऱ्यात व्हिडिओ! २०१० मध्ये ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या एका हंगामाचा शेवटचा भाग आख्खा फाइव्ह डीवर शूट झाला, हे तो घरातल्या वाढदिवसासारखं सांगतो. बायकोचा वाढदिवस विसरतो ते वेगळं.

“काका, जुन्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यात सेन्सर केवढा? नखाएवढा,” तो मला सांगतो. “म्हणून नवरीच्या नथीपासून मागच्या ट्यूबलाइटपर्यंत सगळं लख्ख. फाइव्ह डीत ३६ बाय २४ मिलिमीटर! पन्नासची लेन्स लावायची, एक पॉइंट आठवर उघडायची, माणूस एक मीटरवर उभा करायचा. चार सेंटिमीटर दिसतं. बाकी सगळं उडालं!”

चार सेंटिमीटर म्हणजे अडीच बोटं. नाकाच्या शेंड्यावर फोकस धरला की कान गेले. ब्लरभाऊचा सगळा संसार या अडीच बोटांत आहे.

मिसळ खायला त्याच्याबरोबर जाऊ नये. पहिली दहा मिनिटं प्लेटला हात लावू देत नाही. रस्सा निवतो, तर्री गोठते, पापड मान टाकतो, आणि हा लेन्सची रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसतो. शेवटी क्लिप दाखवतो. शेवेच्या धुक्यातून मटकीचा एक दाणा मोड वर करून उभा असतो. आमची मिसळ आहे की कुठल्याशा ग्रहावरचा सूर्योदय, ते सांगता येत नाही. काही बोललो तर थेट दादासाहेब फाळके काढतो. “आपल्या त्र्यंबकचाच माणूस! वाटाण्याला कोंब फुटताना दाखवला त्यांनी १९१२ साली. मी मटकी दाखवली तर तुमचं काय जातं?” माझी मिसळ जाते, पण हे कोण सांगणार.

प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांना तो भर उन्हात गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेतो. आता एवढ्या उन्हात लेन्स सताड उघडी, आणि व्हिडिओत हालचाल नैसर्गिक दिसायला शटर पन्नासाव्या भागावर. मग चित्र पांढरंफटक होणारच. म्हणून तो लेन्सला काळी एनडी काच चढवतो. लेन्सला गॉगल, आणि जोडपं बिचारं डोळे किलकिले करून प्रेमात. हे सगळं सोसून हाती काय येतं? दोन गाल आणि मागे निळसर पाणचट काहीतरी. धरणच उडवायचं होतं तर हे जेहान सर्कलच्या सिग्नलवरही झालं असतं, असं मी एकदा म्हणालो. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

खरा प्रसंग आमच्या भाचीच्या साखरपुड्याचा. गंगापूर रोडच्याच एका लॉन्सवर झाला. महिन्याने ब्लरभाऊ पेनड्राइव्ह घेऊन घरी आला, आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. नवरीचा डावा डोळा अप्रतिम होता. काजळाची रेघ, पापणीचा एकेक केस. उजवा डोळा जरा सर्दी झाल्यासारखा. ती चालत पुढे आली तेव्हा तर मधली चार पावलं ती कुठेच नव्हती. मागच्या गुरुजींच्या हातातलं स्टीलचं ताट मात्र लखलखत होतं.

मुलीच्या आत्याने दोनदा मागे घ्यायला लावलं.

“तो जांभळा धुरळा कसला रे?”

“तुम्हीच आहात ना काकू.”

आत्याने त्या दिवसासाठी येवल्याला जाऊन पैठणी घेतली होती. पदरावरचे मोर तिने स्वतः मोजून घेतले होते.

“आणि माझे मोर?”

“काकू, तो बोके आहे.”

“बोके?” आत्या उभीच राहिली. “माझ्या पैठणीवर बोके?”

हा जपानी शब्द आहे, मागचं धूसर झालं की त्याला असं म्हणतात, हे समजावायला ब्लरभाऊला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. तेवढ्यात आजींनी विचारलं, माझ्यामागे ढग कसले आलेत, मी गेले की काय?

आत्या नंतर एकदम शांत झाली. चहा ओतता ओतता सहज विचारावं तसं तिने विचारलं, “तुझ्या त्या कॅमेऱ्यात नक्की किती दिसतं म्हणालास?” त्याने बोटं धरून दाखवली. तिने आपल्या बोटांवर मोजून घेतली.

लग्नाला ब्लरभाऊचं लक्ष घड्याळावर होतं. त्याच्या कॅमेऱ्यात चार जीबीची फाइल भरली की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, फुल एचडीत साधारण १२ मिनिटांनी. “गुरुजी, मंगलाष्टकं बारा मिनिटांत बसवा,” असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुजी म्हणाले, मी मुहूर्त बघू की तुझं कार्ड? त्या गडबडीत आत्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लग्नाचा व्हिडिओ परवा पाहिला. नवरी जिथे जिथे स्पष्ट आहे तिथे तिथे तिच्या गालाला गाल लावून आत्या आहे. हार घालताना आहे, सप्तपदीला आहे, पाठवणीत तर नवरीपेक्षा जास्त आहे. पदर पुढे घेतलेला, एकूण एक मोर मोजून घ्यावेत असा. आणि त्या दोघींच्या मागे, मुंडावळ्या बांधलेला एक पांढरा बोका इकडून तिकडे फिरतोय. तो बहुधा आमचा जावई.