वायरीतून जाणारा सातबारा

मॅक्स या भाषेत प्रोग्राम लिहीत नाहीत, जोडतात. पडद्यावर चौकोन मांडायचे, त्यांना वायरी लावायच्या आणि आवाज निघण्याची वाट पाहायची. 1980 च्या दशकात मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम संस्थेत ही भाषा घडवली. नाव संगणक-संगीताचे आद्य पुरुष मॅक्स मॅथ्यूज यांचे.

वायरीतून जाणारा सर्वांत साधा निरोप म्हणजे बँग. त्यात मजकूर नसतो; शेजारणीने भिंतीवर मारलेली नुसती थाप. त्यानंतर संख्या, शब्द आणि यादी. 60 64 67 ही स्वरक्रमांकांची यादी पाठवली की सी मेजर कॉर्ड पोचतो. दोन कॉर्ड पाठवले की मात्र सहा संख्या पोचतात आणि पहिला कुठे संपला हे यादी सांगत नाही. साध्या यादीत दुसरी यादी मावत नाही. वाट्यांविना वाढलेल्या ताटात वरण शिकरणीला जाऊन मिळते, तसेच हे.

प्रत्येक कॉर्डला वेगळी वायर दिली तर मानपान सुरू होते. बहुतेक चौकोनांत डाव्या इनलेटला, म्हणजे निरोप आत घेणाऱ्या डाव्या तोंडाला, आलेला निरोप कामाला लावतो. उजवीकडचे पाहुणे मुकाट बसून राहतात. म्हणून निरोप उजवीकडून डावीकडे सोडावे लागतात. डावा आधी पोचला, तर पंगत कालच्या आमटीवर उठते.

वाट्या दुसरीकडे मिळतात. आगोस्तिनी आणि गीझी यांच्या बाख या मॅक्सच्या जोड-संचात कंसात कंस घालता येतो. मॅक्सच्या सहाव्या आवृत्तीपासून डिक्ट हा कोशही आहे. त्यात नावानिशी कप्पे आणि कप्प्यांत कप्पे.

मात्र डिक्ट वायरीतून स्वतः जात नाही. जातो ‘डिक्शनरी’ हा शब्द आणि त्यामागे कोशाचे नाव. जमीन जागेवर, फिरतो तो सातबारा. एकाच नावाचे दोन डिक्ट म्हणजे एकाच गटाचे दोन खातेदार: धाकट्याने आंबा तोडला की थोरल्याची सावली गेली. वाटणी हवी असेल, तर वेगळ्या नावाच्या डिक्टमध्ये मजकुराची नक्कल करावी.

नाव न दिल्यास मॅक्स स्वतःच एक देतो: यू हे अक्षर आणि मागे आकड्यांची रांग. त्यापेक्षा नाव आपणच ठेवावे, पण ‘टेस्ट’ ठेवू नये. नावे सर्व उघड्या पॅचमध्ये, म्हणजे चौकोन-वायरींच्या मांडणीत, सामाईक असतात आणि ‘टेस्ट’ला दुसरा वारस बहुधा आधीच लागलेला असतो.